गळकी मोट आणि दमलेला बैल : मोटारीच्या हवाई कमानींचें निदान



उपचारापेक्षां निदान कठीण, असें जुने वैद्य सांगत असत. ताप हें दुखणें नव्हे. दुखण्याची ती वर्दी होय. वर्दी देणाऱ्यालाच शिक्षा केली तर चोर मोकळा राहतो. यंत्रांच्या बाबतींतहि हाच न्याय लागू पडतो. बंद पडलेला भाग डोळ्यांना दिसतो, म्हणून तोच अपराधी ठरतो. तो काढून नवा बसविला जातो, पैसा खर्च होतो, आणि कांहीं महिन्यांनीं तोच प्रकार पुन्हां समोर उभा राहतो. ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्यानें मोटार पाहिली नसेल. परंतु ज्या गाड्या पोलादी कमानींऐवजीं हवेनें भरलेल्या रबरी पिशव्यांवर उभ्या असतात, त्यांच्या दुरुस्तींत ती अक्षरशः खरी ठरते. तेथेंहि एक पखालच असते, आणि तेथेंहि भलत्यालाच औषध पाजलें जातें.

प्रथम कमानीचें काम काय तें पाहावें. साध्या बैलगाडीला कमान नसते. म्हणून चाकाला बसलेला प्रत्येक धक्का बसणाऱ्याच्या मणक्यापर्यंत जातो. टांग्याला पोलादी पाट्यांची कमान आली, मोटारीलाहि तीच मिळाली, आणि धक्का मध्येंच गिळला जाऊं लागला. पण पोलादाला एक मर्यादा आहे. त्याचा ताठरपणा एकदां घडविला तो घडविला. एकटा चालक असतां जी कमान बेताची वाटते, तीच पांच माणसें आणि सामान भरल्यावर खालीं बसते. गाडीचें मागचें अंग दबतें, पुढचे दिवे आभाळाकडे पाहूं लागतात. भरल्या गाडीसाठीं कमान ताठ करावी, तर रिकामी गाडी उधळते.

हवेचें तसें नाहीं. कोंडलेल्या हवेवर भार वाढला कीं तिचें आकारमान कमी होतें आणि दाब वाढतो, हा बॉइलचा नियम शाळेंतील मुलालाहि ठाऊक असतो. पिशवी दबली तर तींत आणखी थोडी हवा भरावी. गाडी पूर्वीच्या उंचीवर येते. भार उतरला कीं ती जादा हवा सोडून द्यावी. हें भरणें आणि सोडणें मनुष्याच्या हाताशिवाय आपोआप घडूं लागलें, म्हणजे गाडी स्वतःची पातळी स्वतः राखते असें म्हणतात.

ही युक्ति एका दिवसांत सिद्ध झाली नाहीं. डनलॉपनें १८८८ सालीं हवेची धांव चाकाला चढविली. परंतु हवेवर सबंध गाडी तोलण्याची कल्पना व्यवहारांत रुळण्यास बराच काळ जावा लागला. १९५३ च्या सुमारास अमेरिकेंत जनरल मोटर्सच्या प्रवासी बसगाड्यांना हवेच्या कमानी बसूं लागल्या. १९५५ सालीं फ्रान्समधील सित्रोएन कंपनीनें तेल आणि वायु यांच्या संयोगानें स्वतःची उंची राखणारी मोटार लोकांपुढें आणली. १९५७ सालीं कॅडिलॅकच्या एका उंची मोटारीला हवेच्या कमानी मिळाल्या. पण त्या इतक्या गळत कीं पुष्कळ मालकांनीं त्या काढून पोलादी कमानी बसवून घेतल्या. म्हणजे गळती ही या विद्येची जन्मापासूनची सोबतीण आहे. भारतांत २००१ सालीं व्होल्वोच्या आरामगाड्या आल्या, तेव्हांपासून हवेच्या कमानींचें सुख सामान्य प्रवाशाच्याहि अनुभवास आलें. पुढें महागड्या खासगी मोटारींतूनहि त्या सर्रास दिसूं लागल्या.

अशा खासगी मोटारींतील योजना थोडक्यांत अशी. चार चाकांजवळ चार रबरी पिशव्या असतात. कारागीर त्यांना ‘बलून’ म्हणतात. त्यांना हवा पुरविणारा विजेवर चालणारा लहान कॉम्प्रेसर असतो. त्याच्या वाटेवर हवेंतील ओल शोषून घेणाऱ्या दाण्यांची डबी, म्हणजे ड्रायर, असतो. कोणत्या पिशवीला हवा द्यावयाची हें ठरविणारी व्हाल्व्हांची पेटी असते. प्रत्येक चाकाजवळ एका बारीक दांडीच्या साह्यानें उंची मोजणारा सेन्सर असतो. या सर्वांवर हुकमत चालविणारा विजेचा नियामक असतो. सेन्सर सांगतो, नियामक ठरवितो, कॉम्प्रेसर राबतो, व्हाल्व्ह वाट देतो आणि पिशवी भार उचलते. या पांचांपैकीं एकानें कर्तव्य सोडलें कीं गाडी वांकडी बसते. आणि दिसावयाला पांचांचे दोष बहुधा सारखेच दिसतात. निदानाची अडचण ती हीच.

आतां ही नाजूक योजना बारामती-इंदापूरच्या मुलखांत आणून उभी करावी. हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, आणि हिंवाळ्याच्या पहांटे अंगावर कांबळें लागतें. नीरेच्या डाव्या कालव्यानें आणि उजनीच्या फुगवट्यानें येथें ऊंस पिकविला. उंसाबरोबर साखर कारखाने आले, आणि गळिताच्या हंगामांत उंसानें लादलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टर यांची रीघ लागली. पुणें-सोलापूरचा महामार्ग भिगवण व इंदापूरवरून जातो. तुकोबांच्या पालखीचा मार्गहि याच तालुक्यांतून जातो. बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत पियाजिओच्या तीनचाकी गाड्या तयार होतात. आणि ज्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, त्यांच्या नांवाचें वालचंदनगर इंदापूर तालुक्यांतच आहे. सारांश, यंत्राला हा मुलूख अनोळखी नाहीं. पण ऊन रबराला वाळवितें, वाळल्या रबराला घडीवर भेगा पडतात, त्या भेगांत शेतरस्त्याची बारीक माती शिरते, आणि उंसाच्या फडाकडेचे उंदीर गाडीखालच्या नळ्यांना दांत लावावयास कमी करीत नाहींत.

निदानाची पद्धति समजावी म्हणून एक प्रसंग कल्पूं. भिगवणकडील एका बागाईतदार गृहस्थांची हवाई कमानींची मोटार आहे. दोन महिने ती रोज सकाळीं मागून बसलेली दिसे. इंजिन सुरू केलें कीं मिनिटाभरांत उठून उभी राही. “उठते आहे ना, मग चालूं द्या,” म्हणून घरांत कोणी मनावर घेतलें नाहीं. एके दिवशीं मात्र ती उठेना. तांबडा दिवा लागला आणि गाडी बसली ती बसलीच. पहिल्या दुकानांत निकाल मिळाला, “कॉम्प्रेसर गेला, नवा घाला.” किंमत ऐकून गृहस्थांनीं बारामतींतील एका वयस्क मिस्त्रीला गांठलें.

या मिस्त्रीनें पान्याला हात लावण्यापूर्वीं प्रश्न विचारले. गाडी किती तासांत बसते? एका कोपऱ्यानें बसते कीं सबंध? रिकामी असतां बसते कीं भरलेली? पूर्वीं कॉम्प्रेसरचा आवाज किती वेळ ऐकूं येई, आणि अलीकडे किती? शेवटच्या प्रश्नानें गृहस्थ विचारांत पडले. पूर्वीं क्षणभर घुमणारा आवाज अलीकडे वाटेंत पुन्हां पुन्हां ऐकूं येत असे, हें त्यांना आठवलें. अर्धें निदान तेथेंच झालें.

नंतर नियामकांत सांठलेल्या तक्रारी त्यानें परीक्षक यंत्रावर वाचल्या. ‘ठरल्या वेळांत उंची मिळाली नाहीं’ आणि ‘कॉम्प्रेसर तापला’ अशा दोन नोंदी होत्या. या दोन्ही नोंदी कार्याच्या आहेत, कारणाच्या नाहींत, हें ध्यानांत ठेवावयास हवें. यंत्र काय घडलें तें सांगतें; कां घडलें तें माणसानें शोधावयाचें असतें. कॉम्प्रेसर जळूं नये म्हणून फार तापतांच नियामक त्याला थांबवितो. मिस्त्रीनें जुन्या नोंदी पुसल्या आणि यंत्र थंड होऊं दिलें. कॉम्प्रेसर घुरघुरला आणि गाडी हळूहळू उठली. तेव्हां तो म्हणाला, “अण्णा, हा मेलेला नाहीं, दमून बसला आहे. याला दमविणारा कोण तें उद्यां सकाळीं कळेल.”

त्या रात्रीं त्यानें केलेली युक्ति प्रत्येक मोटार-मालकानें शिकण्याजोगी आहे. गाडी सपाट फरशीवर उभी करून त्यानें या यंत्रणेचा फ्यूज काढून ठेवला. याचें कारण असें कीं, कांहीं गाड्यांचा नियामक गाडी उभी असतांहि मधून मधून जागा होतो, आणि एक कोपरा खचलेला दिसला कीं गाडी तिरपी दिसूं नये म्हणून बाकीच्यांचीहि हवा सोडून त्यांना त्याच्या पंक्तीला बसवितो. मग सकाळीं चोर आणि साव एकाच पातळीवर दिसतात! फ्यूज काढला म्हणजे हा भिडस्तपणा थांबतो आणि ज्याचा दोष त्याच्याच कपाळीं येतो. नंतर त्यानें प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचें अंतर फितीनें मोजून भिंतीवर खडूनें लिहिलें. जमिनीपासून मोजलें असतें तर धांवेंतील कमी-अधिक हवेचा घोटाळा मापांत शिरला असता.

सकाळीं पाहतां तीन कोपरे सुमारें एक सेंटिमीटर उतरले होते, आणि मागचा उजवा कोपरा सात सेंटिमीटर. तीन कोपऱ्यांची उतरण हा दोष नव्हे. दिवसा पस्तीस अंशांवर असलेली पिशवींतील हवा पहांटे पंधरा अंशांवर आली, तर तिचें आकारमान सुमारें साडेसहा टक्के आटतें. वीस सेंटिमीटर उंचीची पिशवी त्यामुळें सव्वा सेंटिमीटराच्या आसपास बसावयाचीच. हा निसर्गाचा नियम आहे, त्याला दुरुस्ती नाहीं. सात सेंटिमीटर मात्र नियमांत बसत नाहींत. ती गळतीच.

मग साबणाचें पाणी आलें. गाडी उंच करून सांगाड्याखालीं घोड्या लावल्या, आणि पिशवी ताणून घड्या उघडल्या. कारण दबलेल्या पिशवीच्या घडींत भेग लपून बसते. नळीच्या सांध्यावर बुडबुडा नाहीं, व्हाल्व्हांच्या पेटीवर नाहीं. पण पिशवीच्या खालच्या घडीवर मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ उमटली. गुन्हेगार सांपडला. कॉम्प्रेसरच्या मानानें किती क्षुल्लक भेग ती! आणि तिनें सबंध गाडी बसविली.

या घटनेची कारणपरंपरा नीट उमगण्यास मोटेचें उदाहरण पुरेसें आहे. जुन्या काळीं याच भागांत विहिरीवर मोटा चालत. मोटेच्या चामड्याला भोंक पडलें, तर विहिरींतून निघालेलें पाणी वर येईपर्यंत निम्में गळून जाई. बैल दिवसभर धांवेवर नाडा ओढीत, तरी वाफा कोरडाच. अशा वेळीं ‘बैल नालायक’ म्हणून नवी जोडी आणणारा शेतकरी शहाणा म्हणावा काय? नवी जोडीहि कांहीं दिवसांनीं तशीच दमणार. कॉम्प्रेसर हा या गाडीचा बैल आहे. त्याची घडण थोडा वेळ राबून बराच वेळ विसांवा घेण्यासाठीं केलेली असते. गळती त्याला सतत राबवावयास लावते. तो तापतो, त्याच्या दट्ट्याची कडी झिजते, आणि एक दिवस तो खरोखरच मरतो.

गळतीचा दुसरा परिणाम याहून गुप्त आहे. ड्रायरचे दाणे ओल शोषतात, पण शोषून शोषून तेहि भरतात. त्यांना वाळविण्याची सोय अशी कीं, गाडी खालीं आणतांना पिशवींतील कोरडी हवा त्याच दाण्यांतून उलट बाहेर सोडली जाते, आणि जातांना ती त्यांची ओल घेऊन जाते. भेग पडली म्हणजे हवा ड्रायरकडे परत न जातां भेगेंतूनच निघून जाते. दाणे ओलेच राहतात. पुढें ओलसर हवा व्हाल्व्हांच्या पेटींत शिरते, तेथें गंज धरतो, व्हाल्व्ह चिकटतो आणि चांगल्या कोपऱ्याचीहि हवा जाऊं लागते. एका भेगेपासून तीन दुखणीं निर्माण होतात तीं अशीं. म्हणून त्या मिस्त्रीनें पिशवी बदलली, ड्रायरचे दाणे नवे घातले, आणि मगच कॉम्प्रेसरची कसोटी घेतली. गाडी ठरल्या वेळांत उठली. कॉम्प्रेसर जुनाच राहिला. प्रत्येक वेळीं शेवट असा गोड होईलच असें नाहीं. दट्ट्याची कडी झिजली असेल तर नवा कॉम्प्रेसर घ्यावाच लागतो. परंतु तेव्हांहि आधीं भोंक बुजवावें, मग बैल बदलावा.

सगळीच वांकडी बसलेली गाडी गळकी असते असें मात्र समजूं नये. उभ्या गाडीची उंची रात्रभर टिकते, पण चालू केल्यावर ती भलत्याच पातळीला जाते, तर संशय सेन्सरवर घ्यावा. त्याची दांडी वांकली वा निखळली तर तो खोटी साक्ष देतो, आणि नियामक त्या साक्षीवर विसंबून चांगल्या पिशवीला फुगवितो किंवा रिकामी करतो. कॉम्प्रेसर मुळींच बोलत नसेल, तर फ्यूज, रिले आणि बॅटरी प्रथम तपासावी. वीज मोजावयाची ती यंत्र राबत असतां मोजावी. विश्रांतींत भरपूर दिसणारी वीज गंजलेल्या जोडामुळें कामाच्या वेळीं अपुरी पडते. उलट, कॉम्प्रेसर थांबतच नसेल, तर रिले आंतल्या आंत चिकटला असण्याचा संभव असतो. तो बॅटरीहि संपवितो आणि कॉम्प्रेसरहि जाळतो. एकेक संशयित असा स्वतंत्रपणें तपासून दूर करीत जाणें, हेंच निदान. एकदम तीन भाग बदलले आणि गाडी बरी झाली, तर ती कोणत्या औषधानें बरी झाली हें कधींच कळत नाहीं.

बसगाड्यांची गोष्ट थोडी निराळी, आणि अधिक गंभीर आहे. तेथें बहुधा साधा यांत्रिक लेव्हलिंग व्हाल्व्ह असतो. तो सांगाड्यावर बसवितात. त्याचा दांडा आंसाला जोडलेला असतो. गाडी दबली कीं दांडा वर ढकलला जातो व हवा आंत जाते; गाडी उचलली गेली कीं दांडा खालीं येतो व हवा बाहेर पडते. अनेक गाड्यांत पुढच्या आंसाला एक आणि मागच्या आंसाला डावा-उजवा असे दोन व्हाल्व्ह असतात. त्यामुळें पुढचें एक बलून गळालें तरी दोन्ही बाजू एकदम बसूं शकतात. मागें मात्र गळक्या बाजूलाच गाडी कलते. कोणता व्हाल्व्ह कोणाला हवा देतो हें माहीत नसेल, तर दोष डावीकडे आणि दुरुस्ती उजवीकडे असा प्रकार घडतो.

गांभीर्य याहून पुढें आहे. बसचे ब्रेकहि त्याच इंजिनावरील कॉम्प्रेसरच्या हवेवर चालतात. कमानींची गळती ब्रेकची हवा ओढून नेऊं नये म्हणून मध्यें संरक्षक व्हाल्व्ह असतो. दाब ठराविक मर्यादेखालीं आला कीं तो कमानींची वाट बंद करतो आणि ब्रेकचा सांठा राखतो. परंतु हा रखवालदार आहे, इलाज नव्हे. गाडी एका अंगाला कललेली असतां आणि दाबाचा कांटा सांवकाश चढत असतां ‘वेळ झाली’ म्हणून चाळीस प्रवासी घेऊन महामार्गाला लागणें, हें धाडस नव्हे. दुसऱ्याच्या प्राणांवर लावलेली ती पैज होय. टाकीचा तळ उघडतांच पाणी व तेल निघालें, तर तीहि एक वर्दीच समजावी : ड्रायर थकला आहे आणि कॉम्प्रेसर झिजूं लागला आहे.

शेवटीं सावधगिरीची एक गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. हवेवर उभी असलेली गाडी खऱ्या अर्थानें उभी नसते. ती कोंडलेल्या हवेच्या भरंवशावर असते, आणि हवा सूचना देऊन जात नाहीं. गाडी बसली म्हणून खालीं डोकें घालून पाहणें, चाक आणि पत्रा यांच्यामध्यें हात घालून भेग चाचपणें, या गोष्टी जीवघेण्या ठरतात. आधीं पातळी राखणारी यंत्रणा बंद करावी. नंतर जॅकनें उचलून सांगाड्याखालीं भक्कम घोड्या द्याव्या. केवळ जॅकवर विसंबूं नये. नळी सोडण्यापूर्वीं तिच्यांतील दाब उतरवावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. कारण आंत वातावरणाच्या दाबाच्या कित्येक पट दाब असतो. पोरासोरांना अशा वेळीं गाडीपाशीं फिरकूं देऊं नये.

मोटार-मालकाच्या हातीं काय आहे? फार नाहीं, पण पुष्कळ आहे. महिन्यांतून एकदां रात्रीं व सकाळीं चार मापें घेऊन तीं वहींत टिपावीं. कॉम्प्रेसर किती वेळ बोलतो याकडे कान ठेवावा. गाडी धुतांना पिशव्यांच्या घड्यांतील माती साध्या पाण्यानें काढावी. आणि कारागिरानें मोठा भाग बदलण्यास सांगितलें, तर नम्रपणें एकच प्रश्न विचारावा : “हा भाग कशामुळें गेला?” ज्याच्यापाशीं या प्रश्नाचें उत्तर आहे त्याच्या हातीं गाडी खुशाल सोंपवावी. ज्याच्यापाशीं नाहीं, त्यानें बैल पाहिला आहे. मोट अजून पाहिलेली नाहीं.